'गावगाड्या'तील मोबदल्याची परिभाषा : एक चिकित्सा

१

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातील नोकरीच्या निमित्ताने आत्रे यांचा खेड्यांशी निकटचा संबंध आला होता, आणि गावचे वतनदार, कारू-नारू, फिरस्ते व कुणबी यांचे परस्परसंबंध त्यांनी ज्या बारकाईने टिपले त्यास मराठीत तोड नाही. या ग्रंथाचा विचार आजवर मुख्यतः समाजशास्त्राच्या व अर्थशास्त्राच्या अंगाने झाला. त्याच्या भाषेकडे लक्ष गेले ते शब्दसंग्रह म्हणून. खेड्यातील लुप्त होत चाललेल्या शब्दांचे भांडार म्हणून कोशकारांनी त्याचा आदर केला, आणि तो योग्यही होता. मात्र हे शब्द ज्या प्रश्नाभोवती गोळा झालेले आहेत, तो प्रश्न भाषेच्या अभ्यासकांनी फारसा विचारात घेतलेला नाही. काम करणाऱ्यास कोणत्या प्रकारे मोबदला दिला असता तो मन लावून काम करतो, आणि कोणत्या प्रकारे दिला असता नुसत्या पाट्या टाकतो, हा तो प्रश्न होय.

आधुनिक व्यवस्थापनशास्त्रात यालाच अभिप्रेरणेचा प्रश्न म्हणतात. आत्रे यांच्यापुढे हे शास्त्र नव्हते. पण प्रश्न नेमका हाच होता आणि त्याचे त्यांनी एक ठाम उत्तरही दिले. त्या उत्तराची चिकित्सा त्यांनीच नोंदवलेल्या शब्दांच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणांसाठी शक्य तेथे नाशिक जिल्ह्याचा आधार घेतला आहे. वतनाच्या लढ्याच्या परिषदा, बाजार समितीतील माथाडी, सातपूर-अंबडचे कारखाने आणि अंगणवाड्या अशी मोबदल्याची जुनी-नवी सर्व रूपे या एका जिल्ह्यात पाहावयास मिळतात.

२

मराठीत मोबदल्याची नावे घडवण्याच्या तीन प्रमुख रीती दिसतात.

पहिल्या रीतीत नाव कामावरून पडते. दळणे यावरून दळणावळ, शिवणे यावरून शिवणावळ, धुणे यावरून धुणावळ, घडवणे यावरून घडणावळ. छपाई, शिलाई, तोलाई हे शब्द याच वळणाचे. हमाली, मजुरी, दलाली या शब्दांचे मूळ कर्त्याच्या नावात आहे. तथापि त्यांत काम व मोबदला एकाच शब्दाने सांगितला जातो. 'दिवसभर हमाली केली' आणि 'हमाली चुकती केली' ही दोन्ही वाक्ये सारखीच शुद्ध आहेत. या रीतीत काम करणारा कोणाच्या पोटी जन्मला, देणारा प्रसन्न आहे की नाही, हे प्रश्न उद्भवत नाहीत. दळण झाले की दळणावळ देणे लागते.

दुसऱ्या रीतीत नाव पदावरून, म्हणजे बहुधा जन्मावरून पडते. पाटीलकी, गुरवकी, येसकरकी, महारकी हे शब्द पाहावेत. '-की' या प्रत्ययात पद, पदाचे कर्तव्य आणि पदाचे उत्पन्न या तिन्ही गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. 'पाटीलकी चालवणे' म्हणजे काम करणे आणि 'पाटीलकी खाणे' म्हणजे त्याचे उत्पन्न घेणे. पैकी एक न करताही दुसरे करता येते, हे भाषा जाणूनच आहे.

तिसऱ्या रीतीत नाव देणाऱ्याच्या मर्जीवरून पडते. इनाम, बक्षीस, शिरपाव, खुशाली हे शब्द या वर्गातले. अरबी-फारसीतून दरबारी व्यवहाराबरोबर ते मराठीत आले आणि दरबाराचा स्वभाव त्यांनी सोडला नाही. बक्षीस मागता येत नाही. मागितले तर ती भीक होते. ते द्यावयाचे की नाही, किती द्यावयाचे आणि केव्हा द्यावयाचे हे सर्वस्वी देणारा ठरवतो.

'पगार' हा पोर्तुगिजातून आलेला शब्द या तिन्हींत बसत नाही. तो काम सांगत नाही, जन्म सांगत नाही आणि दात्याचे नावही घेत नाही. त्याचे क्रियापद तर विलक्षण आहे. मराठी माणूस 'पगार झाला' असे म्हणतो. पाऊस झाला, सकाळ झाली, तसा पगार झाला. ठरल्या दिवशी ठरलेली रक्कम येणे ही गोष्ट कोणाच्या कृपेची राहिलेली नाही, याची ती भाषेने दिलेली पावती होय.

३

आत्रे यांच्या ग्रंथाचा मोठा भाग दुसऱ्या रीतीच्या मोबदल्याला वाहिलेला आहे. वतन आणि बलुते यांनी माणसाचे काय होते, हे ते पुनःपुन्हा सांगतात. त्यांच्या विवेचनाचा इत्यर्थ असा, की वंशपरंपरेने चालत आलेले आणि कामाच्या मापाशी न जुळणारे उत्पन्न माणसास आळशी करते. कारू-नारू कामात कसूर करतात, पण हक्काचा दाणा सोडत नाहीत. तक्षिमा पडत जातात, खाणारी तोंडे वाढतात, आणि या सर्वांचा भार अखेर कुणब्याच्या खळ्यावर येतो. यावर ज्याने काम केले त्यास त्या कामापुरते दाम मिळावे हाच मार्ग त्यांना दिसतो. 'दाम करी काम' या लोकोक्तीला त्यांनी जणू गावाच्या अर्थव्यवस्थेचा आधार दिला. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर '-की' जाऊन '-णावळ' यावी, अशी त्यांची भूमिका होती.

ही भूमिका १९१५ साली धाडसाची होती. ग्रामव्यवस्थेला स्वयंपूर्ण प्रजासत्ताक म्हणून गौरवण्याची प्रथा इंग्रज अधिकाऱ्यांनी पाडली होती आणि आपल्याकडील अनेक विचारवंतांनी ती उचलली होती. आत्रे यांनी तो गौरव नाकारून हिशेब मांडला. 'गावगाड्या'चे थोरपण येथे आहे, आणि पुढील आक्षेप ते मान्य करूनच घेतलेले आहेत.

पहिला आक्षेप असा, की बलुते या शब्दाखाली आत्रे यांनी भिन्न प्रकृतीचे संबंध एकत्र केले. सुतार आणि लोहार यांच्या हाती नांगर होता. पेरणीच्या तोंडावर सुताराने फाळ बसवण्यास चार दिवस लावले तर कुणब्याचा हंगाम जाई. म्हणून त्याचे बलुते मापात भरले जाण्याची शक्यता अधिक होती. सुतारकी हा शब्द आजही कसबाचा, हातोटीचा वाचक आहे. उलट महारकीत मोडणारी कामे पाहावीत. सरकारी टपाल व रसद पोचवणे, अधिकाऱ्यांच्या दिमतीस राहणे, शिवेचा वाद सांगणे, मेलेली जनावरे ओढणे अशी ती होती. ती नाकारण्याची सोय नव्हती, कारण नाकारणाऱ्यावर गावाचा बहिष्कार पडे. प्रत्यय एकच, पण एके ठिकाणी त्याचा अर्थ कसब झाला आणि दुसऱ्या ठिकाणी वेठ. या दोघांची कसूर एकाच मापाने मोजणे न्यायाचे ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. बलुते हा निश्चित मोबदला आहे आणि निश्चिततेमुळे काम ढिले पडते, हे आत्रे यांचे गृहीत आहे. परंतु बलुत्याची क्रियापदे काय सांगतात? कुणबी बलुते 'घालतो' आणि बलुतेदार ते 'मागतो'. शिवणावळ 'चुकती' होते, पगार 'होतो', बलुते मात्र 'घातले' जाते. भिक्षा घालणे, वाढणे, तुकडा घालणे यांच्या पंक्तीतले हे क्रियापद आहे. खळ्यावर किती पेंढ्या द्यावयाच्या, दाणा कसा मोजावयाचा, कोणाला केव्हा बोलवावयाचे, हे खळ्याचा धनी ठरवी. म्हणजे नावाने दुसऱ्या रीतीत मोडणारा हा मोबदला व्यवहारात तिसऱ्या रीतीचा होता. निश्चित होते ते काम, मोबदला नव्हता.

'हक्क' या शब्दाची गत तर याहून उद्बोधक आहे. महारांचे बावन्न हक्क परंपरेने सांगितले जातात. त्यांत मेलेल्या जनावराचे कातडे येते, प्रेतावरचे वस्त्र येते, घरोघरची भाकरी येते. अरबीतून आलेला, सत्य व न्याय असा अर्थ असणारा हा शब्द, इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूंसाठी वापरला गेला. ज्या मोबदल्याचे नाव हक्क पण रूप उष्ट्याचे आहे, तो घेऊन माणूस उत्साहाने काम करील अशी अपेक्षा करणे आणि तसे न झाल्यास त्यास आळशी ठरवणे, यात कार्यकारणाची उलटापालट झाली आहे. आत्रे यांच्या नजरेने हा भाग टिपला नाही असे नाही. पण त्यांनी खळ्याकडे कुणब्याच्या बाजूने पाहिले, समोर उभ्या असलेल्या मागणाऱ्याच्या बाजूने नाही.

४

ती दुसरी बाजू अवघ्या तेरा वर्षांनी मांडली गेली. १९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकारपदांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा मोबदल्याचाच होता. महार हा सरकारचा नोकर. काम सरकार घेते. पण वेतन मात्र रयतेने बलुत्याच्या रूपाने द्यावे आणि तेही तिच्या मर्जीने, ही व्यवस्था त्यांनी उघडी केली. बलुत्याचे रोख पट्टीत रूपांतर करावे, ती सरकारने सारा वसूल करताना वसूल करावी आणि नोकरास सरकारच्या हातून द्यावी, अशी तरतूद त्यांनी सुचवली. हे विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. १९४१ साली नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे वतनी जमिनींवरील वाढीव आकाराच्या निषेधार्थ जी परिषद भरली, तीही याच लढ्याचा भाग होय. अखेर कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली झाला.

आत्रे आणि आंबेडकर दोघेही रोख मोबदल्याचे पक्षपाती आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. फरक कारणात आहे. काम चोख व्हावे म्हणून आत्रे यांना रोख दाम हवा. आंबेडकरांना तो हवा तो देणाऱ्याच्या मर्जीपासून घेणारा सुटावा म्हणून. पहिल्याचे लक्ष मापावर आहे, दुसऱ्याचे देणाऱ्या-घेणाऱ्याच्या नात्यावर.

पुढील मराठी साहित्याने हा दुसरा धागा उचलला. दया पवार यांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनास 'बलुतं' हे नाव दिले, तेव्हा कोशातला एक महसुली शब्द मागणाऱ्याच्या तोंडून प्रथमच एवढ्या जोराने उच्चारला गेला. नाशिकजवळच्या विहितगावचे बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ सालचा. त्यातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीत आहे. तेथे बलुते नाही, महारकी नाही. पगार सर्वांस ठरलेला आहे. तरीही जात उघड होताच त्याच्यावर मार पडतो. मोबदल्याचे दोन घटक असतात, मोल आणि मान. पहिला कामावरून मिळू लागला म्हणून दुसरा जन्मापासून सुटला असे होत नाही, हे या कथेने दाखवले. आत्रे यांच्या '-णावळी'च्या उपायाची मर्यादा येथे स्पष्ट होते.

५

कारखानदारीत हाच झगडा 'बोनस' या शब्दाभोवती झाला. दिवाळीस नोकरचाकरांना पोस्त देण्याची चाल आपल्याकडे जुनी. मुंबईच्या गिरणीमालकांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, मजुरीच्या दहा टक्के बोनस दिला आणि १९१८ साली पंधरा टक्के, तेव्हा त्यांच्या दृष्टीने ती पोस्तच होती. कामगारांच्या दृष्टीने मात्र दर वर्षी मिळणारी रक्कम ही मजुरीचाच भाग झाली. १९२३ चा बोनस नाकारला गेला आणि १९२४ च्या प्रारंभी मोठा संप झाला. त्या वेळी न्यायमूर्ती मॅक्लिऑड यांच्या समितीने कामगारांना रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने बोनसचा हक्क पोचत नाही, असा निर्णय दिला. १९६५ च्या बोनस कायद्याने तो हक्क दिला. किमान प्रमाण पुढे ८.३३ टक्के झाले, कमाल २० टक्के राहिले, आणि २०१९ च्या वेतनसंहितेनेही तेच प्रमाण ठेवले. कायद्याच्या दृष्टीने बोनस तिसऱ्या रीतीतून बाहेर पडला. भाषेत मात्र तो अर्धाच बाहेर आला आहे. पगार 'होतो', पण बोनस अद्याप 'जाहीर होतो'. किमान प्रमाणापलीकडचा भाग कोणीतरी ठरवून उच्चारावा लागतो, ही वस्तुस्थिती क्रियापदाने अचूक पकडली आहे.

पहिल्या रीतीचे नावही सर्वथा निर्दोष नसते, हे लासलगावसारख्या कांद्याच्या बाजारात दिसते. तेथे ओझ्याची हमाली, वजनाची तोलाई, शिवाय वाराई, अशी कामावरून पडलेली नावे नित्य वापरात आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कष्टकऱ्यांना मंडळ दिले. मजुरीवर लेव्ही बसवून भविष्य निधी, उपदान, बोनस यांची तरतूद केली. तरीही २०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत हमाली, तोलाई व लेव्हीवरून वाद होऊन कांद्याचे लिलाव बंद राहिले. वादाचा मुद्दा काम झाले की नाही हा नव्हता. ही रक्कम शेतकऱ्याच्या पट्टीतून कापावी की व्यापाऱ्याने द्यावी, हा होता. 'तोलाई' हा शब्द काम सांगतो; देणारा कोण ते सांगत नाही. बलुत्यात देणारा ठाऊक होता, माप अनिश्चित होते. येथे माप ठरलेले आहे, देणाऱ्याविषयी वाद आहे. दोन्ही ठिकाणी झळ लागते ती ओझे उचलणाऱ्यास.

६

अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून असे मत मांडले, की अपुरा पगार माणसास असंतुष्ट करतो, पण पुरेसा पगार त्यास कामात रमवतोच असे नाही. रमवतात त्या गोष्टी कार्यसिद्धी, कदर, जबाबदारी या होत. मराठी पाठ्यपुस्तकांतून हा सिद्धान्त आता सर्वत्र शिकवला जातो. तो मराठी भाषकास परका वाटू नये. 'पाठ थोपटणे' आणि 'हात ओले करणे' यांतला भेद भाषेने फार पूर्वी जाणला आहे. 'कोपराला गूळ लावणे' हा वाक्प्रचार तर जिभेस न पोचणाऱ्या प्रलोभनाचे इतके नेमके वर्णन करतो, की अलीकडे रूढ झालेल्या 'गाजर दाखवणे' याची गरज का पडावी हा प्रश्नच आहे. आणि काम करून घेऊन 'तोंडाला पाने पुसणे' कशास म्हणतात, हे कोणत्याही कामगारास सांगावे लागत नाही.

मात्र या सिद्धान्ताचा मराठीत एक धोका आहे. मान हा मोलाखेरीज द्यावयाचा असतो; तो मोलाऐवजी देता येतो असा समज झाला की 'मानधन' हा शब्द जन्मास येतो. व्याख्यात्यास, परीक्षकास, ज्याचा चरितार्थ त्या कामावर नाही अशा पाहुण्यास मानधन देणे उचित आहे. परंतु १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना मिळणाऱ्या रकमेसही मानधनच म्हटले गेले. रोजचे, ठरल्या वेळेचे, वरिष्ठांच्या देखरेखीखालचे काम. आणि मोबदल्याचे नाव मात्र पाहुण्याचे. समासात मान आधी येतो आणि धन मागे पडते. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी जो दीर्घ संप केला, त्यात रकमेच्या वाढीबरोबर शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा, म्हणजे वेतन हे नाव, ही मागणी होती. नावासाठी संप करणे काहींना नवल वाटले. बलुत्याचा इतिहास ज्यास ठाऊक आहे त्यास ते वाटू नये.

न्यायालयाच्या एका निर्णयाने हा भाषिक प्रश्न फार स्पष्ट केला आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील एका प्रकरणात अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत असा निर्णय दिला आणि त्यांना मिळणारी रक्कम, तिचे नाव मानधन असले तरी, उपदानाच्या कायद्यातील वेतनाच्या व्याख्येत बसते असे मानले. न्यायालयाने येथे नाव बाजूस सारून नाते पाहिले. गंमत अशी, की ज्यास आपण उपदान म्हणतो त्या 'ग्रॅच्युइटी' शब्दाचाही मूळ अर्थ कृपा असाच आहे. तो शब्द कृपेकडून हक्काकडे आला. मानधन अद्याप वाटेवर आहे.

७

वरील विवेचनावरून 'गावगाड्या'विषयी निघणारा निष्कर्ष मर्यादित पण स्पष्ट आहे. मोबदला कामाशी जोडला जावा, हे आत्रे यांचे मत खरे ठरले. मोबदल्याची शाश्वती माणसास निरुत्साही करते, हे त्यांचे गृहीत मात्र त्यांच्याच शब्दसामग्रीत टिकत नाही. शब्द आणि त्यांची क्रियापदे असे दाखवतात, की माणूस निरुत्साही होतो तो काम निश्चित व मोबदला मर्जीचा असतो तेव्हा, आणि मोबदला घेण्याची रीत त्याचा मान हिरावते तेव्हा. ज्या दिवशी पगार पावसासारखा 'होऊ' लागला त्या दिवशी मराठी मजूर आळशी झाला, असा पुरावा भाषेत तरी नाही. उलट 'पाट्या टाकणे' हा तुच्छतादर्शक प्रयोग करणारे लोक कामात मन घालणे म्हणजे काय हे जाणत होते, एवढे त्यावरून निश्चित कळते.

यातून दोन कामे अभ्यासकांपुढे उभी राहतात. पहिले कोशकारांचे. मोबदल्याच्या शब्दांपुढे केवळ अर्थ न देता त्यांची क्रियापदे द्यावीत. घालणे, मागणे, चुकते करणे, जाहीर होणे, होणे यांतील भेद नोंदल्याखेरीज शब्दाचा सामाजिक अर्थ हाती लागत नाही. दुसरे परिभाषाकारांचे. नियमित कामाच्या मोबदल्यास 'मानधन' म्हणण्याची शासकीय सवय केवळ शब्दनिवडीची बाब नाही. तिच्यामुळे उपदान, निवृत्तिवेतन, रजा यांवरचा दावा कमकुवत होतो. अशा ठिकाणी 'वेतन' हाच शब्द योजावा. 'गावगाड्या'च्या पुढील आवृत्तीस शब्दसूची जोडताना कोणता शब्द खळ्याच्या धन्याच्या तोंडचा आणि कोणता मागणाऱ्याच्या तोंडचा, एवढी नोंद केली, तरी या ग्रंथाचे वाचन आजच्याहून पूर्ण होईल.